बोलायचा खेळ

"या, बसा. तुमची जागा मधल्या रांगेत, खांबाजवळ," घोषणाबाई स्वयंपाकघरातून कुजबुजल्या.

"ऐकू आलं," गॅलरीतून घड्याळकाका म्हणाले.

बाईंनी दार लोटलं, तोंडासमोर पदर धरला आणि पुन्हा कुजबुजल्या, "सिनेमा चालू आहे, कृपया बोलू नका."

"आलं."

"मलाही आलं!" खालच्या मजल्यावरून शेजारीण ओरडली. "आणि मी कुठे बोलत होते हो?"

घोषणाबाईंनी कपाळावर हात मारला. गेला आठवडाभर हा सराव चालला होता आणि प्रगती म्हणाल तर शून्य. त्यांना घोषणाबाई हे नाव बसस्थानकाने दिलं होतं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली आणि कुठली का रखडली, हे काचेच्या खोलीत बसून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. स्थानकाचा माइक वरचेवर बंद पडायचा, पण त्याचा पत्ता ना बाईंना लागायचा ना प्रवाशांना, कारण गाड्या त्याच्याशिवायही वेळेवर भरायच्या. निवृत्तीच्या दिवशी माइक स्थानकात राहिला आणि आवाज बाईंबरोबर घरी आला. जित्याची खोड ती, नोकरी सुटली म्हणून थोडीच जाते!

आणि अशा या बाईंची गावातल्या जपानी चित्रपट महोत्सवात कार्यकर्ती म्हणून निवड झाली होती. त्यातही काम कुठलं, तर अंधाऱ्या सभागृहात उभं राहायचं आणि कोणी बोलायला लागलं की हळूच जवळ जाऊन त्याला गप्प करायचं. काम कळलं तेव्हा त्यांचे यजमान घड्याळकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" ते डोळे पुसत म्हणाले. "अगं, तू गप्प करायला गेलीस तर पडद्यावरची माणसंसुद्धा गप्प होतील."

"हसा, हसा. शिकेन मी. आठवड्यात शिकेन."

महोत्सवाला अजून बराच अवकाश होता, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तशी बाईंची गत झाली होती. कार्यकर्त्यांचं निळं जॅकेट घरी आल्यापासून त्याला रोज इस्त्री होत होती. खरं तर ते त्यांना दोन्ही खांद्यांवर ओघळत होतं, पण त्याबद्दल बोलायची कोणाची टाप नव्हती. पाहुण्यांचं स्वागत कमरेतून वाकून करायचं असं पहिल्या बैठकीत सांगितलं होतं, म्हणून नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसापुढेही त्या दारात वाकल्या. त्याने घाबरून पाना खाली ठेवला आणि तोही वाकला. सूनबाई म्हणाली, "आई, महोत्सव येईपर्यंत तुमची कंबर शिल्लक राहू दे म्हणजे झालं."

घरातल्यांना वाटत होतं, बाईंना जपानचं वेड लागलंय. थोडं लागलं होतंही. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. त्यांना घड्याळकाकांना परत एकदा थेटरात न्यायचं होतं.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. चिमटीत न मावणारी चाकं आयुष्यभर हाताळलेला माणूस, आणि नेमके त्याचेच डोळे मधोमध विझत गेले. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. दारातून माणूस आला हे कळायचं, चेहरा मात्र पुसल्यासारखा. दुकान बंद केलं तेव्हा ते कुरकुरले नाहीत, पण सिनेमाखालच्या भाषांतराच्या ओळी वाचता येईनात तेव्हा मात्र दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. जपानी सिनेमा हा त्यांचा जुना षोक. मग बाईंनी त्या ओळी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी चहाचे कप घेऊन दोघं टीव्हीसमोर बसायची आणि बाई सिनेमा सांगायच्या.

सांगायच्या म्हणजे नुसत्या वाचायच्या नाहीत. त्या सिनेमांतली माणसं बोलतात कमी आणि गप्प बसतात फार, त्यामुळे ओळ वाचून झाल्यावर वर चार शब्द पदरचे घालायला बाईंना भरपूर सवड मिळायची. नायक खिडकीतून बाहेर बघत बसला की बाई म्हणायच्या, "आता हा बसला तोंड पाडून. आधी बोलला असता तर मुलगी गेली असती का?" काका म्हणायचे, "हे खाली लिहिलंय?" बाई म्हणायच्या, "लिहायला पाहिजे होतं."

घरात हे झकास चालायचं. थेटरात मात्र एकदाच चाललं. बाई त्यांच्या मते कुजबुजत होत्या. पहिल्या पाच-दहा मिनिटांतच पुढच्या रांगेतला एक माणूस उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, दिसत नाही तर येता कशाला? लोकांनी पैसे मोजलेत." त्यावर लोक हसले, काही जणांनी टाळ्याही वाजवल्या. काका उठले आणि भिंतीला हात लावत लावत बाहेर निघून गेले. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. थेटराचं नाव काढलं तरी विषय बदलायचे. त्या माणसाला बाईंनी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या होत्या की तो कधीतरी ठेचकाळून पडला असेल तर त्यात नवल नाही. पण त्याचं सगळंच चूक होतं असंही त्यांना म्हणवत नव्हतं, आणि तेच जास्त सलत होतं.

कार्यकर्त्यांच्या घरच्या एकाला महोत्सवाचा पास मिळतो हे ऐकून त्यांनी नाव दिलं होतं. त्यांचा बेत साधा होता: शेवटच्या रांगेजवळचं काम मागून घ्यायचं, काकांना शेजारी बसवायचं आणि अगदी बारीक आवाजात वाचायचं. आता पदरात पडलं होतं ते शांतता राखायचं काम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तरी एका संध्याकाळी त्यांनी पास काकांच्या हातावर ठेवला. काकांनी तो बोटांनी चाचपला आणि परत दिला.

"मी नाही येणार. आणि आता तर मला बाहेर काढायचं काम तुझ्याचकडे आहे."

ते थट्टेच्या सुरात म्हणाले. बाई हसल्या आणि आत जाऊन उगाचच भांडी आपटत बसल्या.

महोत्सवाच्या आधीच्या रविवारी सभागृहात रंगीत तालीम होती. सगळं सांभाळत होती एक संयोजिका, कानात फोनचं यंत्र, हातात पाण्याची बाटली, बोलणं गाडी सुटायच्या बेतात असल्यासारखं. तिने कार्यकर्त्यांना आपापल्या जागी उभं केलं, दारं कशी लोटायची, विजेरी कशी खाली धरायची ते दाखवलं. घोषणाबाई मधल्या वाटेत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. जॅकेटच्या बाह्या दुमडलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. दिवे गेले. पडद्यावर एक छोटं बंदर उजाडलं आणि एक म्हातारी बाई दार उघडून बाहेर आली. तिने आकाशाकडे बघून होडीकडे निघालेल्या नवऱ्याला काहीतरी म्हटलं. खाली ओळ उमटली.

"'आज वारा पडलाय. आज तरी लवकर या!'" घोषणाबाई म्हणाल्या.

म्हणाल्या म्हणजे कशा, तर बसस्थानकावर म्हणायच्या तशा. शेवटच्या रांगेत डुलक्या घेणारा तिकीटवाला ताडकन उठून उभा राहिला. वर यंत्राच्या खोलीतून कोणीतरी खिडकी उघडून खाली बघितलं. आणि एवढ्यावर थांबतील तर त्या घोषणाबाई कसल्या! त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. अंधार, पडदा आणि खालची ओळ ही तिन्ही जमली की तोंड आपसूक सुटायचं. "येतो कसला लवकर," त्यांनी पुढे जोडलंही, "हा गेला की गेलाच."

दिवे लागले. सगळी निळी जॅकेटं त्यांच्याकडे बघत होती. मग कोणीतरी खुदकन हसलं आणि सगळं सभागृह खो खो हसायला लागलं. बाईंच्या कानशिलांवर आग पेटली. त्यांनी जॅकेट काढलं, त्याची नीट घडी घातली आणि संयोजिकेपुढे धरली.

"घ्या. माझ्याच्याने नाही व्हायचं हे. शांततेसाठी मला ठेवलंत आणि पहिली बोंब मीच मारली."

"पण तुम्हाला वाचायला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही हो. घरी वाचते ना रोज, म्हणून तोंड सुटलं." आणि मग बाईंनी जे सुनेलाही सांगितलं नव्हतं ते या परक्या पोरीला सांगून टाकलं. डोळे, टीव्ही, चहा, तो पुढच्या रांगेतला माणूस, भिंतीला हात लावत बाहेर गेलेले काका. सांगता सांगता त्यांचा आवाज चक्क खाली आला. "तुमचा नियम बरोबर आहे. शेजारी कोणी बडबड करत बसलं तर माझंही डोकं फिरेल. पण ज्याला ओळी दिसत नाहीत त्याने जायचं कुठे? सगळा महोत्सव गप्प बसायचा ठेवा, पण एक खेळ बोलायचा ठेवा. बाहेर पाटी लावा की इथे मोठ्याने वाचणार. नको असेल त्याने येऊ नये."

संयोजिका बाटलीतलं पाणी प्यायली. "जपानात पूर्वी असायचे असे लोक," ती म्हणाली. "मूकपटांच्या काळात. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायचे. नटापेक्षा त्यांच्या नावावर तिकिटं खपायची म्हणतात."

"बघा! शहाणी माणसं ती."

"पण माझ्या दोन अटी आहेत. सकाळच्या खेळाला लहान सभागृहात चिटपाखरू नसतं. तो तुम्हाला देते, पण माणसं तुम्ही आणायची. रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवायला मी माइक लावणार नाही. आणि दुसरी, जे लिहिलंय तेवढंच वाचायचं. पदरचा एक शब्द नाही. 'हा गेला की गेलाच' वगैरे काही नाही. दिग्दर्शकाची माणसं असतील तिथे."

पहिली अट सोपी होती. दुसरी ऐकून बाईंनी जॅकेटची घडी परत जवळ घेतली आणि हो म्हणून टाकलं. शांतता राखायचं काम एका निवृत्त ग्रंथपालांकडे गेलं, आणि त्यांच्या नुसत्या बघण्यानेच लोक खोकला गिळायला लागले.

पुढचे दिवस बाईंच्या पायाला भिंगरी होती. खालची शेजारीण आपल्या सासूला आणायला तयार झाली, कारण सासूचा चष्मा जाड होत होत आता बशीएवढा झाला होता. बसस्थानकावरचे जुने चालक आणि वाहक आले नसते तरच नवल. त्यातला एक जण म्हणाला, "ताई, तुम्ही बोलावलंत आणि आम्ही फलाटावर लागलो नाही असं कधी झालंय का?" ज्यांची पोरं अजून अक्षर अक्षर लावून वाचतात अशा आया तयार झाल्या. मग बाई डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या आणि बाकांवर बसलेल्यांसमोर उभं राहून त्यांनी घोषणा केली. आतून डॉक्टर धावत बाहेर आले, काय झालं म्हणून. त्यांनाही बाईंनी वेळ सांगून टाकली.

सिनेमा निवडायची मुभा मिळाली होती. बाईंनी क्षणाचाही विचार न करता न्हाव्याचा निवडला. एका छोट्या गावातला म्हातारा न्हावी आपलं दुकान बंद करतो, एवढीच गोष्ट. काकांचा सर्वांत लाडका. घरी तो इतक्यांदा झाला होता की सुनेलाही आता त्यातल्या गिऱ्हाइकांची नावं पाठ होती.

"सगळं ठरलंय," बाई काकांना म्हणाल्या. "तिथे मीच वाचणार. माइकवर. हुकूम आहे मला वाचायचा. आता तरी चला."

काकांनी चहाचा कप चाचपत खाली ठेवला. "तू केलंस ते चांगलं केलंस. सगळ्यांना ने. मला राहू दे. पुन्हा कोणीतरी वळून बघेल."

"वळून बघितलेलं तुम्हाला दिसतं कुठे?" बाई वैतागून बोलल्या, आणि बोलल्याक्षणी त्यांनी जीभ चावली.

"दिसत नाही," काका म्हणाले. "पण कळतं गं."

बाई काकांजवळ जाऊन बसल्या. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप मांडला तोच येणार नव्हता, आणि माघार घ्यायची सोय उरली नव्हती, कारण अर्धं गाव आपण बोलावून ठेवलेलं. त्या दिवशी टीव्ही लागला नाही.

महोत्सवाच्या सकाळी निळं जॅकेट घालून बाई एकट्याच निघाल्या. काका दाढी करत होते. "आवाज सांभाळ," एवढंच म्हणाले.

लहान सभागृह भरलं. बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "हा खेळ मोठ्याने वाचला जाईल", आणि ती पाटीसुद्धा येणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी वाचून दाखवत होतं. पडद्याच्या कडेला एक मेज, छोटा दिवा आणि माइक. बाईंनी दारातून येणारा प्रत्येक माणूस बघितला. शेजारणीची सासू आली, वाहक आले, दवाखान्यातले आले, खुद्द डॉक्टर आले. सून आली नव्हती. कामात असेल. संयोजिका पहिल्या रांगेत बसली आणि तिने बाईंना खुणेने बजावलं: लिहिलंय तेवढंच.

दिवे गेले आणि बाईंनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला दोन-चार जण दचकले, मग सगळे निवांत टेकून बसले. बाईंनी वचन पाळलं. न्हावी गिऱ्हाइकाशी उधारीवरून भांडला तेव्हा त्यांच्या जिभेवर काय काय आलं, पण त्यांनी ते गिळलं. न्हाव्याचा मुलगा शहरातून पत्र पाठवत नाही तेव्हा तर त्यांनी मेजाची कड घट्ट धरली. लोक हसत होते, हळहळत होते, मागे एका पोराने "पुढे काय?" म्हणून विचारलं तर त्याला कोणी दटावलं नाही. सगळं छान चाललं होतं. आणि बाईंना एकसारखं वाटत होतं की आपण रिकाम्या घरात बोलतोय.

मग तो प्रसंग आला. दुकानाचा शेवटचा दिवस. गिऱ्हाइकं गेलीत. म्हातारा न्हावी स्वतःच त्या खुर्चीत बसतो. त्याची बायको पडदा ओढते, त्याच्या गळ्याभोवती कापड बांधते आणि कात्री हातात घेते. कोणी काही बोलत नाही. खाली ओळ नाही. नुसता कात्रीचा आवाज, आणि मग तोही थांबतो.

बाई थांबल्या. वाचण्यासारखं काही नव्हतं.

"अगं, तिथलं राहिलं की!"

दारालगतच्या शेवटच्या खुर्चीतून आवाज आला. बाईंनी दिव्यापलीकडे डोळे ताणून बघितलं, अंधाराशिवाय काही दिसेना. पण तो आवाज ओळखायला त्यांना दिव्याची काय गरज! सुनेने त्यांना दिवे गेल्यावर आत आणून बसवलं होतं, हे नंतर कळलं. आत्ता एवढंच कळत होतं की सगळं सभागृह वळून त्या खुर्चीकडे बघतंय.

"अहो, लिहिलेलं नाहीये तिथे काही," बाई माइकवरच म्हणाल्या. "तेवढंच वाचायचं कबूल केलंय मी."

"मग तू नको सांगूस. मी कुठे काही कबूल केलंय?" खुर्ची करकरली. काका उठून उभे राहिले असावेत. दोन वर्षं थेटराची पायरी न चढलेला तो माणूस भरल्या सभागृहात खणखणीत म्हणाला, "ती त्याला म्हणते, 'हलू नका. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलात, आता एकदा माझं ऐका.'"

मग शेजारणीची सासू म्हणाली, "बरोबर बोलली!" आणि सगळे हसले. टाळ्याही वाजल्या. पहिल्या रांगेत संयोजिकेने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

बाईंनी डोळे पुसले. पडद्यावर कात्री पुन्हा चालू झाली. अजून बराच सिनेमा उरला होता, आणि त्यात कोणी बोलत नाही अशा जागा पुष्कळ होत्या. घोषणाबाई उरलेल्या ओळी सावकाश वाचत गेल्या, आणि प्रत्येक ओळीनंतर त्या मुद्दाम थांबत होत्या, काकांना बोलता यावं म्हणून.